लाकडाच्या कोंबडीची पिल्लं

गंगारामाने सुनेला कायमचं माहेरी धाडायचं ठरवलं, ते कोंबडीच्या पिल्लांच्या पायांवरून. ऐकणाऱ्याला खोटं वाटेल, पण त्या कार्तिकात मिऱ्याच्या किनाऱ्यावर दुसरं काही बोललंच जात नव्हतं. सगळ्या वाडीला ठाऊक झालं, जाळी विणणाऱ्यांना ठाऊक झालं. ठाऊक नव्हतं ते एकटीला, गंगारामाच्या बायकोला, भागूबाईला. तिला कळलं विहिरीवर, आणि तेही शेजारच्या सोनूबाईच्या तोंडून.

"काय गो भागू, तुझी सून माहेरी, नाट्याला चालली म्हणे? परत यायची नाय ती?"

भागूबाईच्या हातून पोहरा दोरासकट सुटला आणि धप्पकन पाण्यात गेला.

"कोण म्हणाला?"

"अगो, तुझा घोवच म्हणाला. काल बंदरावर, चारचौघांत. म्हणाला, पोरीचे पाय पांढरे आहेत, तिच्या बापसाला निरोप धाडला. केरू तांडेल गेलासुद्धा निरोप घेऊन." सोनूबाईने तोंडावर पदर धरला, पण डोळे हसत होते ते काही लपत नव्हते. "तुला नाय सांगितला?"

भागूबाईने पोहरा काढला नाही. रिकामी घागर कमरेला लावली आणि ती तरातरा घराकडे निघाली. तळपायाची आग मस्तकात गेली होती. सून तिची, घर तिचं, आणि बातमी विहिरीवर! मेल्याने बायकोला सांगायच्या आधी बंदराला सांगितलं!

गंगारामाचा धंदा सुक्या मासळीचा. खळ्यात बांगडे-बोंबील वाळत घातलेले असत आणि तो त्यांच्यामधून दिवसभर उलथापालथ करत फिरे. ओल म्हणजे त्याचा हाडवैरी. हवेत जरा दमटपणा आला की त्याचा चेहरा घरात कुणी आजारी पडल्यासारखा होई. आणि दुसरं वेड तेलाचं. मुशी माशाच्या काळजाचं ते काळपट, उग्र वासाचं तेल होडीला लावतात, फळ्या कुजू नयेत म्हणून. बरोबरच आहे ते. पण हा बाबा होडीवर थांबेल तर ना! लाकूड दिसलं की याच्या हातात तेलाची चिंधी आलीच. दारं, खिडक्या, मंचक, जेवायचे पाट. एकदा सत्यनारायणाला आलेले भटजी पाटावरून घसरले होते, तरी याचं आपलं चालूच. "बघा कसं लाकूड चमकतं," असं म्हणायचा.

खळ्यात येऊन भागूबाईने घागर आपटली.

"अवो, मी हे काय ऐकते?"

गंगारामाने मान वर केली नाही. एक बांगडा उलटा केला, दुसरा उलटा केला. "ऐकलंस ते खरं. तिचा बापूस जानू येईल दोन-तीन दिवसांत आपला मचवा घेऊन. घेऊन जाईल पोरीला."

"आणि हरी? हरी बोटीवरनं परत आला की त्याला काय सांगू? तुझी बायको आमी कावळ्यांना घातली?"

"हरीला दुसरी बघू. मुली काय कमी आहेत?"

हरी म्हणजे हरिश्चंद्र, त्यांचा एकुलता एक. विलायतेला जाणाऱ्या बोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसे मारायचा. वैशाखात रजेवर आला, नाट्याच्या जानूच्या सत्यवतीशी त्याचं लग्न झालं, आणि पाऊस लागायच्या आत तो परत बोटीवर गेला. रजेवर येताना त्याने विलायतेच्या कुठल्याशा बंदरातून एक जुनी पेटी आणली होती. अंडी उबवायची पेटी. लाकडाची, चार पायांची, पुढं काच, बाजूला घासलेटचा दिवा. दिव्याची ऊब नळीतून आत जायची. कोंबडीवाचून पिल्लं! वाडीने तिचं नाव ठेवलं लाकडाची कोंबडी. हरीने जायच्या आधी सगळ्यांना बसवून दाखवलं होतं, दिवा किती ठेवायचा, अंडी रोज कशी फिरवायची, खाली पाण्याची थाळी कुठं ठेवायची, आतल्या खणात गोणपाट कसं अंथरायचं. गंगाराम मान डोलावत होता. आणि हरीची बोट दृष्टीआड होते न होते तोच त्याने वाडीभर सांगायला सुरुवात केली की दिवाळीला माझ्या घरी पिल्लांची पलटण उभी राहील, कोंबड्या पाळायचे तुमचे दिवस गेले.

पलटण आली. पण उभी काही राहिली नाही. पहिल्या खेपेला लोक काचेपुढे दाटीवाटी करून बघायला बसले होते, आणि आत पिल्लं फुटत होती ती एक पाय पूर्वेला, एक पाय पश्चिमेला. पोटावर पसरलेली. उठायला बघायची आणि पुन्हा फाकायची. काही तर कवचातच अडकून राहिली, पाय मुडपलेली.  मग सोनूबाईचा नवरा म्हणाला, "गंगाराम, तुझ्या पलटणीला दारू पाजलीस काय रे?" आणि जे हसू फुटलं ते विहिरीपासून बंदरापर्यंत गेलं. गंगारामाने दुसऱ्या दिवशी ती सगळी पिल्लं टोपलीत भरली आणि कातळावर नेऊन टाकली. कावळे टपलेलेच होते.

त्या दिवसापासून त्याला खापर फोडायला डोकं हवं होतं. आणि घरात नवी सून होती. नवी सून म्हणजे तयार डोकंच की!

"पेटीची अंडी कोण फिरवते? तीच ना?" गंगाराम म्हणाला. "पहिल्या दिवसापासून मला दिसत होतं. गृहप्रवेशाला माप ओलांडताना काय झालं? आठव. पाय घसरला आणि माप लवंडलं ते आत नाय, बाहेर! तांदूळ बाहेर सांडले. लक्ष्मी घराबाहेर. आणि आता पिल्लं लंगडी. पायगुण पायगुण म्हणतात तो हाच."

"माझी तांबडी कोंबडी याच घरात अंड्यांवर रवणीला बसली होती," भागूबाई ओरडली. "याच पोरीच्या हातचे दाणे खाऊन बसली. तिची पिल्लं बघा, उकिरडा उकरतायत! त्यांच्या पायांना नाय लागला तो गुण?"

"कोंबडी ती कोंबडी."

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुला कळत नाय ते बोलू नकोस."

झालं. एवढं बोलून तो बोंबलांकडे वळला. भागूबाई तिथंच उभी राहिली. तिला असं वाटत होतं की एकेक बोंबील उचलावा आणि याच्या तोंडावर मारावा. पण बोंबलांचा काय दोष?

माजघरात सत्यवती तांब्याचा हंडा चिंचेने घासत होती. घासत कसली, ओरबाडत होती. तिच्या शेजारी हरीची बोटीवरची जुनी पत्र्याची पेटी उघडी पडली होती आणि तिच्यात दोन लुगडी घडी करून ठेवली होती. म्हणजे तिलाही कळलं होतं. वाडीत कुणाला कळायचं राहिलं होतं?

"रडतेस काय गो?" भागूबाईने विचारलं.

"नाय." पोरीने वर बघितलं. डोळे कोरडे आणि लाल. "आत्याबाई, मी मामंजींसमोर तोंड उघडत नाय, तशी रीत नाय म्हणून. पण तुमाला विचारते. मी काय करू? पाय तोडून इथं ठेवू, आणि मग जाऊ?"

 भागूबाई तिच्याजवळ खाली बसली. तिच्या छातीत एक जुनं दुखणं कळ मारू लागलं होतं. ती स्वतः या घरात आली, त्याला वर्ष झालं नव्हतं, आणि गोठ्यातली दुभती म्हैस पान लागून मेली. साप चावला म्हशीला, आणि पाय पांढरे ठरले भागूबाईचे. पुढं कितीतरी वर्षं नवं जाळं पाण्यात पडायच्या दिवशी सासू तिला घरात कोंडून घ्यायची, तिने समोर येऊ नये म्हणून. गंगाराम तेव्हा तरणा होता. सगळं बघत होता. एक शब्द बोलला नव्हता. भागूबाईने ते गिळलं होतं, आणि तिला वाटत होतं की पचलंही. कुठलं पचतंय!

"सत्या, ती लुगडी काढ त्या पेटीतनं," ती म्हणाली. "बघू कोण तुला धाडतो ते."

बोलायला बोलली खरी, पण हातात काही नव्हतं. नुसत्या ओरडण्याने गंगाराम हलणारा नव्हता.

दुसरी खेप पेटीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी अंड्यांना टोचे पडायला लागले आणि आतून चिवचिव ऐकू येऊ लागली. या वेळी बघायला कुणी आलं नव्हतं. गंगाराम वखारीत जाऊन बसला होता, त्याला बघायचंच नव्हतं. काचेपुढे सासू आणि सून दोघीच उकिडव्या बसल्या.

पहिलं पिल्लू बाहेर पडलं. ओलं, दमलेलं. थोडा वेळ पडून राहिलं, मग त्याने अंग सावरलं आणि ते उठलं.  पिल्लू उठलं, नीट दोन पायांवर उठलं, आणि मग दोन्ही पाय दोन बाजूंना सरकत गेले. पिल्लू पोटावर आपटलं. पुन्हा उठलं. पुन्हा सरकलं. भागूबाई बघत राहिली. पाय वाकडे नव्हते. सरळ होते, नखं फळीला ओरबाडत होती, पण धरायला काही मिळत नव्हतं. खळ्यातल्या शेवाळावर माणसाचं होतं ना, तसं त्याचं होत होतं.

"सत्या, हे लंगडं नाय," भागूबाई हळूच म्हणाली. "हे घसरतंय."

तिने पेटीचं दार उघडलं, आत हात घातला आणि तळवा फळीवर टेकला. हात सर्रकन पुढं गेला. बाहेर काढला तर तळवा चकाकत होता. नाकाशी नेला. मुशीचं तेल!

"गोणपाट कुठं गेलं? हरीने अंथरलेलं?"

"मामंजींनी काढून टाकलं," सत्यवती म्हणाली. "पहिल्या अंड्यांच्या आधीच. म्हणाले, गोणपाटाला ओल धरते, घाण येते. मग फळीला तेल लावलं, कुजू नये म्हणून."

"आणि पाण्याची थाळी?"

"ती पण काढली. म्हणाले, उबेत पाणी ठेवलं की बुरशी येते. माल सुका पाहिजे."

माल सुका पाहिजे! अंडी म्हणजे काय बांगडे? भागूबाईला आपली तांबडी आठवली. रवणीला बसलेली कोंबडी मधेच उठून पाणी पिऊन, कधी भिजून यायची आणि तशीच अंड्यांवर बसायची. तिच्या खाली पेंढा असायचा, पिल्लू फुटलं की नखं पेंढ्यात रुतायची. इथं वरून कोरडी धग, कवच आणि पापुद्रा सुकून पिल्लाला चिकटलेला, त्यातून धडपडून कसाबसा जीव बाहेर आला की खाली तेल. कोण उभं राहील? कुणाचे पाय टिकतील?

आणि मग तिच्या डोक्यात दुसरी गोष्ट अशी लख्ख उभी राहिली की ती उठूनच उभी राहिली. उंबरा! लग्नाच्या आदल्या दिवशी गंगाराम चिंधी घेऊन उंबऱ्यापाशी बसला होता. पाहुणे येणार, उंबरा चमकला पाहिजे म्हणून. दोन हात तेल चढवलं होतं मेल्याने. दुसऱ्या दिवशी त्याच उंबऱ्यावर नव्या नवरीने माप ओलांडायला पाय टाकला आणि पाय घसरला. माप लवंडलं बाहेर.

"जळ्ळं मेलं ते तेल!" भागूबाई किंचाळली. "अगो बाय, हा माणूस स्वतःच तेल लावतो, स्वतःच घसरवतो, आणि वर पाय तुझे पांढरे!"

  सत्यवती झटक्याने उठली, वखारीच्या दारातलं एक रिकामं गोणपाट ओढून आणलं, झटकलं, कोयतीने फाडलं. दोघींनी ते फळीवर अंथरलं, फुटायची राहिलेली अंडी अलगद त्याच्यावर ठेवली, खाली कढत पाण्याची थाळी सारली आणि दार लावलं. त्या दिवशी घरात जेवण शिजलं नाही. गंगारामाने दोनदा हाक मारली, कुणी ओ दिली नाही.

दुपार कलली तेव्हा गोणपाटावर पिल्लं फुटायला लागली. एक उठलं, डुगडुगलं आणि उभं राहिलं. मग दुसरं. एक तर बाकीच्यांच्या डोक्यांवर पाय देऊन काचेपर्यंत चालत आलं आणि चोच आपटू लागलं. सगळी धड नव्हती, दोन-तीन अशक्त निघाली. पण फाकलेलं एकही नाही. पेटी तीच, अंडी तीच, अंडी फिरवणारी सून तीच.

सकाळी तेलावर फाकलेली पिल्लं बाजूला टोपलीत होती. सत्यवतीने जुन्या लुगड्याच्या काठाच्या बारीक चिंध्या फाडल्या, आणि एकेका पिल्लाचे दोन्ही पाय मधे थोडं अंतर ठेवून सैलसर बांधले, फाकू नयेत म्हणून. "आमच्याकडे करडाचे पाय असे पसरले तर बापूस बांधतो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी त्यातली बरीचशी उभी राहत होती. भागूबाई त्यांच्याकडे बघत होती आणि तिला कातळावरची टोपली आठवत होती. ती पिल्लंही उभी राहिली असती. चिंधीच्या एका तुकड्याने उभी राहिली असती. कावळ्यांना घातली ती सगळी.

तिने गंगारामाला हाताला धरून आणलं. अक्षरशः हाताला धरून, आयुष्यात पहिल्यांदा. आधी पिल्लं दाखवली. मग ओढून काढलेली तेलकट फळी त्याच्या पुढ्यात टाकली. मग त्याला उंबऱ्यापाशी नेलं.

"टेका हात. टेका! काय लागतंय हाताला?"

गंगारामाने हात टेकला. बोटं चोळली. त्याची मान खाली गेली. मूर्ख नव्हता तो, त्याला सगळं समजलं होतं, ते त्याच्या मानेवरूनच दिसत होतं.

"बरं," तो म्हणाला. "तेलाचं असेल."

"असेल नाय. आहे."

"आहे. बरं. आहे."

"मग आता बंदरावर जा आणि सांगा."

गंगाराम उठला, हात धोतराला पुसले. "आता काय सांगणार? निरोप गेला. जानू निघाला असेल. अख्ख्या बंदरासमोर बोललोय मी. आता जाऊन सांगू, की माझं चुकलं, फळीला तेल मी लावलं? लोक तोंडावर हसतील. जाऊ दे पोरीला. चार-सहा महिन्यांनी बोलवून घेऊ, गुपचूप."

भागूबाईला आधी वाटलं की आपण चुकीचं ऐकलं. इतका वेळ तिला वाटत होतं की याला माहीत नाही म्हणून हा असा वागतो. आता माहीत झालं होतं. आणि तरी!

"तुमचं तोंड राखायला तिचं तोंड काळं करायचं?"

"हळू बोल."

"का हळू? तुमी बंदरावर हळू बोललात? पांढऱ्या पायाची म्हणून गेलेली पोर चार-सहा महिन्यांनी परत आली तर वाडी तिला काय म्हणेल? काही इपरीत घडलं की तिच्याकडे बोट! मासळी नाय मिळाली, तिचे पाय. होडी अडकली, तिचे पाय. मला विचारा, मी जगलेय तसं! म्हैस मेली तेव्हा तुमाला ठाऊक होतं ना, साप चावला होता? तुमीच बघितला होतात ना साप?"

 गंगारामाने खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि तो वखारीकडे चालू लागला. भागूबाईने त्याच्या पाठीकडे बघितलं. इतक्या वर्षांत तिला या माणसाचा राग अनेकदा आला होता, पण किळस पहिल्यांदाच आली.

जानूचा मचवा दुसऱ्या दिवशी सकाळी आला. जानू शांत माणूस, ताठ कण्याचा. पण त्या दिवशी किनाऱ्यावर उतरला तो मान खाली घालून. अर्धी वाडी जमली होती, सोनूबाई सगळ्यांत पुढं. गंगाराम गंभीर चेहरा करून उभा होता.

"व्याही, माझ्या पोरीचं काय चुकलं?" जानूने विचारलं.

"नशीब म्हणायचं," गंगाराम पुटपुटला.

सत्यवती पत्र्याची पेटी घेऊन आली. डोक्यावरून पदर, नजर वाळूत. जानूच्या दोन खलाशांनी पेटी घेतली. ती पाण्यात उतरली आणि मचव्यात चढून बसली. आणि तिच्या पाठोपाठ, एका काखेत बोचकं आणि दुसऱ्या काखेत तांबडी कोंबडी घेऊन, भागूबाई पाण्यात उतरली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवत गेली आणि सरळ मचव्यात चढली.

किनाऱ्यावरची गर्दी एकदम पुढं सरकली.

"अगो, तू कुठं?" गंगाराम ओरडला.

"नाट्याला!"

"नाट्याला कशाला?"

"पांढऱ्या पायांच्या बायका घरात नकोत ना तुमाला? मग मीही त्यातलीच. मी आले तेव्हा म्हैस मेली होती. विसरलात? तेव्हाच धाडायची राहिली, आता जाते. जानूभाऊ, सोडा मचवा!"

जानूने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा गंगारामाकडे. मग त्याने खलाशांना खूण केली. मचवा हलला.

"विहीणबाई, खरंच?" तो हळूच म्हणाला.

"तुमी चालवा हो. मी बघते."

गंगाराम पाण्यात उतरला. "भागू! घरी चल. घरात बसून काय ता बोलू."

"घरात? तुमी बोललात कुठं? याच वाळूवर! मग आता इथंच बोला!"

तो काहीतरी पुटपुटला.

"ऐकू नाय येत!"

मचवा आणखी पुढं सरकला. गंगाराम मांड्यांपर्यंत पाण्यात आला. घरी चूल, खळ्यात मासळी, पेटीला दिवा, आणि बायको नाट्याच्या वाटेवर. वाडी मागं उभी राहून सगळं बघत होती. त्याने मागं वळून वाडीकडे बघितलं, पुढं मचव्याकडे बघितलं.

"फळीला तेल... तेल होतं फळीला!"

"कुणी लावलं? ऐकू नाय येत!"

"मी! मी लावलं!" गंगारामाचा आवाज चिरकला. आता तो कमरेपर्यंत पाण्यात होता आणि लाटेबरोबर हेलकावत होता. "पेटीतल्या फळीला मी लावलं! गोणपाट मी काढलं, पाणी मी काढलं! उंबऱ्याला पण मीच लावलं, माप त्यानं लवंडलं! पोरीचे पाय चांगले आहेत! तिचे काय, कुणाचेच पांढरे नव्हते!" तो थांबला, श्वास घेतला, आणि मग शेवटचं बोलला ते कुणी मागितलं नव्हतं. "म्हशीला साप चावला होता! मी बघितला होता साप!"

किनाऱ्यावर कुणी हसलं नाही. सोनूबाईसुद्धा नाही.

 भागूबाईने कोंबडी इतकी घट्ट आवळली की ती कॉक करून ओरडली. मग तिने डोळे पुसले आणि सुनेकडे वळली.

"सत्या, तू सांग. फिरवायचा मचवा?"

सत्यवती उठून उभी राहिली. हेलकाव्यात पाय नीट रोवून उभी राहिली. डोक्यावरचा पदर मागं सारला, आणि या घरात आल्यापासून पहिल्यांदा सासऱ्याच्या डोळ्यांत बघून बोलली. आवाज खणखणीत होता, किनाऱ्यावर सगळ्यांना ऐकू गेला.

"मामंजी! आमी आठ दिवसांनी येऊ! तोवर पेटीतल्या थाळीत पाणी घालत जा! पिल्लांच्या पायांच्या चिंध्या उद्या सोडा, हलक्या हातानं! आणि आमी येऊ तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवा. मी पुन्हा ओलांडणार!"

"दोन मापं!" भागूबाई ओरडली. "एक माझं! आणि आधी उंबरा राखेनं घासा!"

जानूने शीड चढवलं. त्या दिवशी संध्याकाळी, अजून उजेड असताना, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी गंगारामाला उंबऱ्यापाशी बसलेलं बघितलं. पुढ्यात राखेचं सूप होतं, हातात नारळाची शेंडी होती, आणि तो लाकूड घासत होता.